‘उद्यापासून पैसे पडणार’ : ग्रुप अ‍ॅडमिन मंडळींना खुले पत्र

समस्त ग्रुप अ‍ॅडमिन मंडळींस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, ‘उद्यापासून पैसे पडणार’ हा मेसेज पुन्हा फिरायला लागला आहे. दर वेळी अ‍ॅप तेवढं बदलतं. कधी मेसेजचे पैसे, कधी ईमेलचे, कधी फोटो पाठवण्याचे. बाकी मजकूर जुनाच. तुमच्यातले काही जण तो दिसताक्षणी उडवतात, काही जण हात जोडलेली इमोजी लावून पुढे ढकलतात आणि बहुतेक जण पाहून न पाहिल्यासारखं करतात. हे पत्र तिन्ही प्रकारच्या अ‍ॅडमिनांसाठी आहे.

‘अफवा पसरवू नका’ एवढंच सांगायचं असतं तर लिहायला बसलो नसतो. ते वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्याच्यावर कुणाची नजर ठरत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. इंटरनेट वापरण्यावर आकार बसवायचे खरेखुरे प्रस्ताव जगात अनेकदा आले आहेत. काही लागूही झाले. काही मात्र लोकांनी वेळेवर ओरडा केला म्हणून मागे घ्यावे लागले. तेव्हा तुमच्या ग्रुपातल्या ज्या काकांनी तो मेसेज टाकला त्यांची धास्ती अगदीच अनाठायी नाही. फक्त ती धास्ती खोट्या मेसेजवर खर्च होऊन जाते, आणि खरा प्रस्ताव येतो तेव्हा ग्रुपात सगळे गाढ झोपलेले असतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार आहे.

मुळात ही कंडी फार जुनी. व्हॉट्सअ‍ॅपचं सोडाच, वेबच्या जन्माआधीची. १९८०च्या दशकात अमेरिकेत हौशी लोक टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडून दुसऱ्या कॉम्प्युटरशी संपर्क साधायचे. तिथे लांब पल्ल्याच्या टेलिफोन कंपन्यांना स्थानिक कंपनीचं जाळं वापरल्याबद्दल मिनिटाच्या हिशेबाने आकार द्यावा लागे. डेटा सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना मात्र १९८३ साली त्यातून सूट मिळाली होती. १९८७ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन म्हणजे एफसीसी या नियामक संस्थेने ती सूट काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला. कंपनीवर पडलेला आकार शेवटी ग्राहकाच्याच बिलात उतरणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. लोकांनी त्याला ‘मोडेम टॅक्स’ म्हणायला सुरुवात केली, पत्रांवर पत्रं धाडली आणि १९८८ साली एफसीसीने तो प्रस्ताव गुंडाळला.

लोक जिंकले. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. पण ज्या मजकुराने लोकांना जागं केलं होतं, त्याच धाटणीचा एक मजकूर त्यानंतर वर्षानुवर्षं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर हिंडत राहिला. त्याचा आशय असा: दोन वर्षांपूर्वी एफसीसीने मोडेम वापरणाऱ्यांवर जादा आकार बसवायचा प्रयत्न केला होता, तुमच्या पत्रांमुळे तो फसला, आता ते गुपचूप पुन्हा त्याच उद्योगाला लागले आहेत, तेव्हा ताबडतोब पत्र लिहा. मजकुरावर तारीख नव्हती. त्यामुळे ‘दोन वर्षांपूर्वी’ हे शब्द १९९० साली जेवढे पटले तेवढेच पुढे १९९५ सालीही पटले. ज्याने ज्या वर्षी वाचलं त्याने त्या वर्षातून दोन वजा केले आणि पत्र लिहायला घेतलं. एफसीसीकडे नसलेल्या प्रस्तावाविरुद्ध पत्रं येत राहिली आणि ‘असा काही प्रस्ताव नाही’ हे सांगण्यात तिथल्या माणसांचा वेळ जात राहिला.

या गोष्टीत लबाड असा कुणीच नाही, म्हणून ती मला महत्त्वाची वाटते. कुणी फसवायला बसलं नव्हतं. एक खरी, उपयोगाची, यशस्वी झालेली हाक होती. तारीख नव्हती म्हणून ती मुदत उलटल्यावरही चालत राहिली आणि खऱ्याची खोटी झाली. तुमच्या ग्रुपांवर येणाऱ्या मेसेजांतही असे पुष्कळ असतात. कधीकाळी, कुठल्यातरी देशात, कशाबद्दल तरी खरे असलेले.

त्यात आणखी एक गुंता आहे. १९९६-९७च्या सुमाराला स्थानिक टेलिफोन कंपन्यांनी खरोखरच मागणी लावून धरली होती की इंटरनेट पुरवठादारांकडूनही मिनिटागणिक आकार घेऊ द्या. त्यांचं म्हणणं, लोक तासन्‌तास लाइन अडवून बसतात आणि आमची यंत्रणा तुंबते. मे १९९७ मध्ये एफसीसीने नकार दिला. पण एवढी वर्षं खोट्या हाका ऐकून कान किटलेल्या माणसाने या वेळची हाक खरी आहे हे कशावरून ओळखायचं? मजकूर दोन्हींचे सारखेच दिसायचे. १९९९ साली एफसीसीच्या दुसऱ्याच एका निर्णयाचा विपर्यास होऊन पुन्हा तीच आवई उठली आणि इंटरनेटवर जाण्यासाठी ग्राहकाला मिनिटाप्रमाणे आकार पडणार नाही, असं माहितीपत्रक त्यांना काढावं लागलं.

आता लबाडीचा नमुना पाहा. १९९९च्या एप्रिल-मेमध्ये एक ईमेल फिरू लागला. विधेयक ६०२पी मंजूर होणार, त्यानंतर प्रत्येक ईमेलमागे पाच सेंट पोस्टखात्याला द्यावे लागणार. आधी तो कॅनडात दिसला, तिथल्या पोस्टखात्याच्या नावाने. काही आठवड्यांत त्याने अमेरिकन कपडे घातले. अमेरिकन आवृत्तीत लिहिलं होतं की ईमेलमुळे पोस्टाचं वर्षाला जवळपास २३ कोटी डॉलरचं नुकसान होतंय, म्हणून ही वसुली. दिवसाला दहा ईमेल धरले तर पन्नास सेंट, म्हणजे वर्षाचे १८० डॉलरहून जास्त. हा गुणाकार करून बघा, चोख आहे. त्या पत्रात खरं म्हणावं असं जवळपास तेवढंच. टोनी श्नेल नावाच्या ज्या लोकप्रतिनिधीचा हवाला दिला होता तो अस्तित्वात नव्हता. ज्या वकिली कार्यालयाचा पत्ता दिला होता तेही नव्हतं. आणि ‘६०२पी’ हा क्रमांकच अशक्य होता. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या विधेयकाच्या क्रमांकाआधी ‘एचआर’ असतं, सिनेटमधल्याच्या आधी ‘एस’. कॅनडात ‘सी’ किंवा ‘एस’. आकड्यामागे ‘पी’ लावायची पद्धत दोन्हीकडे नाही. संसदेचं कामकाज थोडं ठाऊक असलेल्या माणसाला पहिल्या ओळीतच वास यायला हवा होता.

पण तो भल्याभल्यांना आला नाही. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेट निवडणुकीत हिलरी क्लिंटन आणि रिक लाझिओ यांची जाहीर चर्चा टीव्हीवर चालू असताना दोघांना विचारलं गेलं, विधेयक ६०२पीबद्दल तुमचं मत काय? दोघांनीही विरोध केला. असं विधेयकच नाही, असं त्या मंचावर कुणीही म्हणालं नाही. पोस्टखात्याने इन्कार करून तोवर वर्ष उलटून गेलं होतं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने इंटरनेटवर जाण्यासाठी मिनिटागणिक आकार लावायला बंदी घालणारं एक विधेयक संमतही केलं होतं. क्रमांक एचआर १२९१. या विधेयकामागे मतदारसंघांतून येणाऱ्या ईमेलांचा रेटा होता आणि ते ईमेल होते न आलेल्या आकाराविरुद्धचे. पुढे त्याचा कायदा झाला नाही. साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, फक्त या वेळी काठी संसदेच्या हातात होती.

याच्याही पुढची गंमत ऐका. ६०२पीचा ईमेल ऐन भरात असताना, जुलै १९९९ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा वार्षिक मानव विकास अहवाल आला. त्यात गरीब देशांपर्यंत इंटरनेट पोहोचवायला पैसा कुठून आणायचा याची चर्चा करताना ‘बिट टॅक्स’ची, म्हणजे पाठवलेल्या डेटाच्या प्रमाणात लावायच्या कराची कल्पना मांडलेली होती. दिवसाला प्रत्येकी दहा किलोबाइटच्या कागदपत्रासह शंभर ईमेल पाठवणाऱ्याने एक सेंट द्यावा, म्हणजे १९९६च्या हिशेबाने वर्षाला ७० अब्ज डॉलर गोळा झाले असते. हा खरा अहवाल होता, जबाबदार संस्थेचा आणि छापील. त्यावर गदारोळ झाला आणि ते प्रकरण विरलं. म्हणजे एकाच वर्षी ईमेलवरच्या पैशांबद्दलची एक बातमी धादांत खोटी होती आणि दुसरी खरी. खोटीत पाच सेंट एका ईमेलला, खरीत एक सेंट शंभर ईमेलांना. खोटी घराघरांत पोहोचली. खरी किती जणांच्या कानावर गेली असेल, तुम्हीच अंदाज करा.

आता तुमच्या रोजच्या वापरातल्या अ‍ॅपकडे येऊ. व्हॉट्सअ‍ॅपला पैसे पडणार ही अफवा इतकी फोफावली होती की जानेवारी २०१२ मध्ये कंपनीलाच हे सगळं खोटं आहे असं जाहीर करावं लागलं. मौज अशी की त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपला खरंच पैसे पडत होते! सुरुवातीला आयफोनवर ते घेतानाच एक डॉलरच्या आसपास द्यावा लागे. नंतर पहिलं वर्ष फुकट आणि पुढे वर्षाला ९९ सेंट, अशी पद्धत आली. अटींमध्ये ते लिहिलेलंच होतं. पण ‘शनिवारपासून पैसे पडणार’ म्हणून घाबरणाऱ्यांना ते माहीत नव्हतं, आणि ‘पैसे कधीच पडणार नाहीत’ असं ठासून सांगणाऱ्यांनाही. ग्रुपवर दोन्ही बाजूंनी तावातावाने वाद व्हायचे आणि दोन्ही बाजू चूक असायच्या. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने ही वर्गणी बंद केली. अनेकांकडे कार्डच नसतं आणि वर्ष संपल्यावर आपला संपर्क तुटेल अशी त्यांना भीती वाटते, असं कारण त्यांनी दिलं. २०१८ पासून पैसे सोडतात ते ग्राहकांना मेसेज पाठवणारे व्यावसायिक. तुमच्या इन्बॉक्समध्ये बँकेचा, विमान कंपनीचा मेसेज येतो, त्याचं भाडं असं कुणीतरी भरलेलं असतं.

वर्गणी बंद झाली पण भीती शिल्लक राहिली, आणि शिल्लक भीतीवर धंदा करणारे लगेच येतात. ‘तुमचं सदस्यत्व संपलं, चालू ठेवण्यासाठी इथे पैसे भरा’ असे मेसेज नंतरही फिरले; सोबत लिंक, लिंकवर कार्डाचा क्रमांक मागणारं पान. ‘गोल्ड’ नावाची खास आवृत्ती उतरवून घ्या, असं सांगणारे मेसेजही आले आणि त्यातून फोनमध्ये भलतंच काहीतरी शिरायचं. पुढे ढकलायला काय जातं, असं जे विचारतात त्यांच्यासाठी हे सांगतोय. ‘पैसे पडणार’ हा मेसेज स्वतः कुणाचा खिसा कापत नाही हे खरं. पण महिनाभर तो वाचून ज्याची खात्री पटली आहे, तो माणूस पैसे मागणारी लिंक आली की ‘आली बघा’ म्हणून भरून मोकळा होतो.

एकदा तो नेहमीचा मेसेज जवळून पाहू या. ‘शनिवार सकाळपासून हे अ‍ॅप सशुल्क होत आहे. तुमच्या यादीतल्या किमान दहा जणांना हा संदेश पाठवा, म्हणजे तुम्ही नियमित वापरकर्ते आहात हे कळेल. तुमचं चिन्ह निळं होईल आणि सेवा मोफत राहील.’ पहिली गोष्ट, शनिवार. कुठला? शनिवार दर आठवड्याला येतो, त्यामुळे हा मेसेज कधीच शिळा होत नाही. मोडेमवाल्या मजकुरातली ‘दोन वर्षं’ आणि हा शनिवार एकाच कारखान्यातला माल आहे. दुसरी गोष्ट, नियमित वापरकर्ता कोण हे कंपनीला ठरवायचं असेल तर तुम्ही अ‍ॅप कधी उघडलं याची नोंद तिच्याकडे असतेच. तुमच्या आत्याला मेसेज पाठवून ते सिद्ध करायची गरज पडत नाही. आणि एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात. आतला मजकूर कंपनीच्या सर्व्हरला वाचता येत नाही. ज्याला मजकूर दिसत नाही तो ‘हाच मेसेज दहा जणांना गेला’ हे मोजणार कसं?

मेसेज किती हातांतून आलाय याची मोजणी होते, पण ती मेसेजसोबतच चालत येते आणि तुमच्या फोनवर दिसते. पाच किंवा जास्त वेळा पुढे सरकलेल्या मेसेजवर दुहेरी बाण येतो. हा बाण म्हणजे लिहिणारा माणूस तुमच्यापासून निदान पाच माणसं पलीकडे आहे, एवढंच. बहुतेक लोक त्याचा अर्थ ‘बऱ्याच जणांनी खात्री केलेली दिसते’ असा लावतात. एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यावर आपल्या लोकांनी शोधलेला उपाय तुम्हाला ठाऊकच आहे: कॉपी करायचा, नवा म्हणून पेस्ट करायचा. बाण गायब! दुहेरी बाण नसलेला, पण भाषा सरकारी परिपत्रकाची आणि खाली ‘कृपया सर्वांना कळवा’ असलेला मेसेज म्हणूनच मला जास्त संशयास्पद वाटतो.

फेसबुकचं प्रकरण थोडक्यात सांगतो. २०११ साली ‘फेसबुक महिना ९.९९ डॉलर घेणार’ ही आवई जगभर उठली आणि कंपनीने इन्कार केला. त्या काळी तिच्या पहिल्याच पानावर ‘हे फुकट आहे आणि कायम राहील’ अशा अर्थाची ओळ असायची. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ओळ निघाली आणि तिथे ‘झटपट आणि सोपं’ आलं. त्याबद्दल साखळी मेसेज आल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपात जाहिरातींशिवाय फेसबुक-इन्स्टाग्राम हवं असेल तर महिना ९.९९ युरो, अशी योजना सुरू झाली. पैसे न देणाऱ्यांना जाहिरातींसकट ते फुकटच राहिलं. आकडा मात्र अफवेतलाच निघाला, चलन तेवढं बदललं. हा योगायोगच, त्या अफवाखोराला भविष्य दिसत होतं असा निष्कर्ष कृपया कुणी काढू नये. मला त्यातून एवढंच दिसतं की खरा बदल एका ओळीच्या जागी दुसरी ओळ ठेवून, आवाज न करता येतो.

आणि सरकारं? त्यांच्याकडचा माल तर अफवेपेक्षा अफाट असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये हंगेरीच्या सरकारने इंटरनेटवरच्या प्रत्येक गिगाबाइटला १५० फोरिंट कर लावायचा प्रस्ताव आणला. ओरड झाल्यावर घरगुती ग्राहकाला महिन्याला ७०० फोरिंटची कमाल मर्यादा घालू म्हणाले. लोक थांबले नाहीत. २६ तारखेला आणि पुन्हा २८ तारखेला बुडापेस्टमध्ये प्रचंड मोर्चे निघाले, हजारो फोनचे दिवे एकाच वेळी उंचावले गेले, सत्ताधारी पक्षाच्या कार्यालयावर जुने कॉम्प्युटर भिरकावले गेले. ३१ ऑक्टोबरला पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी या स्वरूपात कर आणता येणार नाही, असं सांगून माघार घेतली. लेबनॉनमध्ये १७ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवरच्या कॉलसाठी दिवसाला २० सेंट आकारायचं जाहीर झालं. लोक रस्त्यावर आले. काही तासांतच तो निर्णय मागे घेतला गेला, पण आंदोलनाने तोवर बाकीचे सगळे प्रश्न हाती घेतले होते. महिना संपायच्या आत पंतप्रधान साद हरिरी यांनी राजीनामा दिला.

युगांडात मात्र कर लागू झाला. १ जुलै २०१८ पासून फेसबुक, ट्विटर, व्हॉट्सअ‍ॅप वापरायचं तर दिवसाला २०० शिलिंग आधी भरायचे, मग अ‍ॅप उघडणार. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांनी अर्थखात्याला लिहिलेल्या पत्रात या कराचं एक कारण दिलं होतं ते असं की, समाजमाध्यमांवरच्या गावगप्पांचे परिणाम निस्तरायला पैसा लागतो. अफवांवर कर! तुमच्या ग्रुपांवर असा कर बसला तर काय होईल याचं चित्र मी रंगवत बसत नाही. पण झालं काय, ते पाहण्यासारखं आहे. अनेकांनी व्हीपीएन, म्हणजे आपण कुठलं अ‍ॅप वापरतोय ते लपवणारी सोय, लावून कर चुकवला, इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या काही महिन्यांतच घसरली आणि वसुली अपेक्षेच्या पुष्कळ खाली राहिली. जुलै २०२१ मध्ये तो कर गेला आणि त्याच्या जागी इंटरनेट डेटावर १२ टक्के आकार आला. म्हणजे अ‍ॅपवरचा कर अख्ख्या इंटरनेटवर पसरला. ‘कर रद्द झाला’ हा मेसेज तिथे कुणी फिरवला असेल तर तो अर्धाच खरा होता.

भारतातलं उदाहरण तुमच्या कामाचं आहे म्हणून शेवटी ठेवलं. डिसेंबर २०१४ मध्ये एका मोठ्या मोबाइल कंपनीने इंटरनेट कॉलसाठी वेगळे पैसे घ्यायचं जाहीर केलं आणि ओरड होताच त्याच महिन्यात थांबवलं. मग २७ मार्च २०१५ रोजी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने असल्या अ‍ॅपांचं नियमन कसं करावं यावर ११८ पानांचा सल्लामसलतीचा कागद काढला. त्यात वीस प्रश्न होते. उत्तरं पाठवायची मुदत २४ एप्रिल. ११८ पानं कोण वाचणार? काही स्वयंसेवकांनी वाचली, विसाही प्रश्नांची उत्तरं सोप्या भाषेत तयार केली आणि एका क्लिकवर ट्रायच्या पत्त्यावर जातील अशी सोय केली. दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. वर्षअखेरीला वेगवेगळ्या साइटसाठी वेगवेगळे दर लावण्यावर दुसरा कागद आला, पुन्हा मोहीम झाली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी साइट पाहून दर बदलण्यावर ट्रायने बंदी घातली.

या दहा लाखांनी केलं काय? मेसेज पुढे पाठवला. अंगठ्याचं काम तेच, मोबाइलही तोच. फरक एवढाच की मेसेजमध्ये कागदाचं नाव होतं, तो कुणी काढला हे होतं, उत्तर कुठे पाठवायचं हे होतं आणि कुठल्या दिवसानंतर पाठवून उपयोग नाही हे होतं. २५ एप्रिलला तो मेसेज आपोआप निकामी झाला. खोट्या मेसेजवर अशी मुदत नसते. कशी असेल? मुदत घातली की तो उलटतपासणीत सापडतो.

म्हणून तुमच्याकडे मागणं मोठं नाही. पैशांबद्दलचा मेसेज आला की तो उडवू नका. उडवला तर टाकणाऱ्याला राग येतो आणि तो दुसऱ्या ग्रुपात जाऊन टाकतो. खाली एकच प्रश्न लिहा: ‘कुठल्या तारखेचा, कुणी काढलेला कागद?’ उत्तर आलं तर ग्रुपाचा फायदा. आलं नाही तर पुढचं वाचणाऱ्यांना समजतं. तुम्हाला स्वतःला इन्कार सापडला तर तोही तारखेसकट टाका. नुसतं ‘फेक आहे’ लिहिलेला शिक्का सहा महिन्यांनी खऱ्या बातमीवरही चिकटवला जातो; १९९७ साली अमेरिकेत नेमकी ती पंचाईत झाली होती. मूळ कागद तुम्हाला परकीय भाषेत किंवा कायद्याच्या बोजड भाषेत मिळाला तर तो समजणारा एखादा सदस्य ग्रुपात असतोच. त्याला हाक मारा. शुभ सकाळच्या फुलांना हरकत न घेणारे तुम्ही, पाच ओळींच्या सारांशाला जागा द्यायला का कचरता?

आणि ज्या दिवशी खरा कागद येईल, मुदतीसह, त्या दिवशी मात्र तो ग्रुपच्या माथ्यावर पिन करा आणि मुदत संपेपर्यंत ठेवा. ‘राजकारण नको’ हा तुमचा नियम मला माहीत आहे. नियामकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं त्या नियमात बसतं की नाही, हे एकदा आपापल्या सदस्यांना विचारून ठरवून टाका. ऐन वेळी त्यावर भांडण नको, कारण असल्या कागदांची मुदत बहुधा काही आठवड्यांचीच असते.

राहता राहिले ते काका, ज्यांनी परवा ‘शनिवारपासून’वाला मेसेज टाकला. त्यांना सगळ्यांसमोर टोचून बोलू नका. खासगीत लिहा. अख्ख्या ग्रुपात दरवाढीची धास्ती घेऊन काहीतरी हालचाल करणारा तो एकच माणूस निघाला, बाकीच्यांनी अंगठासुद्धा उचलला नव्हता. नियामकाच्या साइटवर नवे सल्लामसलतीचे कागद येतात ते पान त्यांना उघडून द्या, फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवून द्या, आणि महिन्यातून एकदा काय आलं ते ग्रुपला कळवायचं काम त्यांच्याकडे सोपवा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तुमच्याच एका ग्रुपातला, बहुतेक वेळा म्यूट करून बसलेला सदस्य